मास्सिमो ओस्ती: आधी शिवा, मग रंगवा

ताणाबाणा

इटालियन फॅशनचा विषय निघाला की गाडी अरमानी, वर्साचे, गुच्चीच्या पुढे सरकत नाही. पण १९८० नंतर युरोपातली तरुण पोरं रस्त्यावर आणि फुटबॉलच्या मैदानात जी जॅकेटं घालून फिरली, त्यांच्यावर सगळ्यात खोल छाप मास्सिमो ओस्तीची आहे. जन्म १९४४, बोलोन्याजवळचं बारिचेल्ला. मृत्यू २००५, बोलोन्या. सी. पी. कंपनी त्याची आणि स्टोन आयलंडही त्याचीच.

माणूस मुळात ग्राफिक डिझायनर, जाहिरातीतला. शिंप्याचं शिक्षण नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने छापील टी-शर्ट केले. कागदावर छापायची स्क्रीन प्रिंटिंगची आणि चार रंगांची पद्धत त्याने सरळ कपड्यावर आणली. त्यातून पुरुषांच्या कपड्यांचं काम मिळालं आणि चेस्टर पेरी नावाचा ब्रँड सुरू झाला. हे नाव चेस्टर बॅरी आणि फ्रेड पेरी या दोन्ही कंपन्यांना खटकलं, प्रकरण कायद्यापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये त्याचं सी. पी. कंपनी झालं.

त्याची काम करायची रीत पाहण्यासारखी आहे. जुने लष्करी गणवेश आणि कामगारांचे कपडे हजारोंनी जमवायचे, ते उसवायचे, आणि खिसा, कॉलर, टोपी, पट्टा यांच्या फोटोकॉपी काढून त्या कापून-चिकटवून नवा कपडा जुळवायचा. म्हणजे नवा आकार शोधण्यात त्याने फार जीव घातलाच नाही. सैन्याने पन्नास वर्षं वापरून तपासलेला खिसा बदलायचा कशाला? बदलायचं ते कापड, त्यावरचा लेप आणि रंगवायची वेळ. म्हणून त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर स्केचबुकापेक्षा रंगाईचा ड्रम बघावा लागतो. इथे कापड-रंगाईतली जाणकार मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी.

फुलबाजी

इटलीत तरुणांच्या फॅशनचा बाप म्हणजे एलिओ फिओरुच्ची ना? ओस्तीचं नाव त्याच्या आधी कसं काय घेता?

ताणाबाणा

फिओरुच्ची (१९३५–२०१५) मोठाच. १९६७ मध्ये मिलानच्या गॅलेरिया पास्सारेल्लात दुकान काढलं, १९७६ मध्ये न्यूयॉर्कला गेला, लायक्रा घातलेली ताणाची जीन्स लोकांच्या अंगावर चढवली. पण तो अस्सल दुकानदार. जगभरातून वस्तू हुडकून आणायच्या, दुकानात गाणी लावायची, पोरांना दिवसभर तिथेच रमवायचं. दुकान कसं असावं हे त्याच्याकडून शिकावं. कापडाच्या आत शिरलेला माणूस ओस्ती. हा चर्चेचा धागा त्याच्यावर आहे, फिओरुच्चीवर वेगळा काढा, मी येतोच.

पक्का_रंग

चांगला धागा. एक गैरसमज आधीच निस्तरतो. ‘ओस्तीने गारमेंट डाइंग (कपडा शिवून झाल्यावर रंगवणं) शोधलं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं नाही. मोजे, बनियन, स्वेटर शिवून-विणून मग रंगवणं जुनंच आहे. बेनेटननेही पांढरे स्वेटर विणून ठेवून, मागणी कळल्यावर ते रंगवायचा धंदा ओस्तीच्या आसपासच्या काळात केला. तिथे हेतू साठा वाचवण्याचा होता.

ओस्तीचं वेगळेपण असं, की एकाच जॅकेटमध्ये दोन-तीन तऱ्हेचं कापड लावून त्याने ते सगळं एकाच बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात सोडलं. जाड कॅनव्हास, पातळ पॉपलिन, नायलॉन, विणलेला कफ हे सगळे तोच रंग वेगवेगळा पितात. बाहेर येणारं जॅकेट एका रंगाचं, पण पाच छटांचं. शिवणीवर दाट, कडांवर फिकं. इतर गिरण्या ज्याला शेडचा दोष म्हणून माल परत करत, तेच यांनी विकायला ठेवलं. पण हा दोष ठरवून, दर वेळी तसाच आणता यावा लागतो. त्यासाठी मोदेना जिल्ह्यातल्या राव्हारिनोमध्ये कारखान्याला लागूनच रंगशाळा होती. रंगाई बाहेर जॉबवर्कला दिली असती तर हे जमलंच नसतं.

दोन धाग्यांची रंगाई कशी होते ते थोडक्यात. कापसाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग, ६० अंशाला, सोडा घालून अल्कलीत. नायलॉनला अ‍ॅसिड रंग, ९५ ते ९८ अंशाला, पीएच ४.५ ते ५.५. एकाच जॅकेटवर दोन्ही करायचे तर आधी कापूस आणि मग नायलॉन. उलट केलं तर सोड्याच्या बाथमध्ये नायलॉनवरचा काही रंग सुटतो. पण कापसाचं सोपिंग, म्हणजे साबणाच्या गरम पाण्यातलं धुणं अर्धवट राहिलं असेल, तर न चिकटलेला रिअ‍ॅक्टिव्ह रंग पुढच्या आम्लाच्या बाथमध्ये सुटून नायलॉनवर बसतो आणि छटा मळते. मधल्या धुण्यात कंजूसपणा केला की इथे हमखास फटका बसतो.

पॉलिएस्टर आलं की डिस्पर्स रंग आणि १३० अंश, म्हणजे दाबाचं बंद मशीन हवंच. स्टोन आयलंडने पुढे पॉल हार्वे या ओस्तीनंतरच्या डिझायनरच्या काळात डेव्हिड-टीसी कापड आणलं. पॉलिएस्टर-पॉलिअमाइडचं जपानी कापड, जॅकेट शिवून झाल्यावर १३० अंशाला दाबाखाली रंगवतात. त्या उष्णतेने कापड इतकं आटतं की त्याचा स्पर्शच बदलतो. बीज ओस्तीचंच, पण तो निघून गेल्यावर उगवलेलं.

सुईदोरा

रंगाईवाले रंगाचं सांगतात, पण गारमेंट डाइंगचा माल बहुतेक वेळा शिलाईतच बिघडतो. रंगाईनंतर दिसतो, एवढंच.

१) आटणं. त्याच ताक्यातलं ५० × ५० सेंमीचं पॅनेल आखून, कडा ओव्हरलॉक करून बॅचबरोबर पूर्ण रंगाई, धुणं आणि वाळवणीतून काढायचं. उभ्या धाग्यात ५० चं ४७ झालं तर ६ टक्के. पाठीची तयार लांबी ७० सेंमी हवी असेल तर ७० ला ०.९४ ने भागायचं, म्हणजे साधारण ७४.५. बरेच कटिंग मास्टर ७० त ६ टक्के मिळवतात आणि ७४.२ धरतात. तीन मिलिमीटरने जॅकेट मरत नाही, पण १० टक्के आटणाऱ्या जाड कापडावर हाच फरक ८ मिमीच्या जवळ जातो. उभं आणि आडवं आटणं वेगळं असतं, म्हणून पॅटर्न दोन्ही दिशांना वेगवेगळा मोठा करावा लागतो. नुसता एक साइज वर उचलून भागत नाही.

२) दोरा. पॉलिएस्टरचा दोरा कापसाच्या बाथमध्ये रंग घेत नाही, गडद जॅकेटवर पांढरी शिवण उठून दिसते. सुती दोरा घेतला आणि तो मर्सराइज्ड (चकाकीची प्रक्रिया केलेला) निघाला, तर तो कापडापेक्षा गडद होतो. रंगाईसाठीचा साधा सुती दोराच लागतो. त्याची ताकद कमी, म्हणून एक नंबर जाड घ्यायचा. शिवाय दोरा कापडापेक्षा जास्त आटला की सगळ्या शिवणी गोळा होतात. ओस्तीच्या कपड्यांवर ही किंचित चुणी मुद्दाम ठेवलेली दिसते. आपल्याकडे बायर तीच चुणी दाखवून पैसे कापतो.

३) चेन. पॉलिएस्टरची पट्टी आटत नाही, कापड आटतं, आणि पुढची चेन लाटेसारखी नागमोडी होते. उपाय असा, की चेन तयार मापाची घ्यायची आणि कापड तेवढ्याच टक्क्याने सैल भरत लावायचं. ७० ची चेन, ७४.५ चं कापड. शिवताना कापड फुगलेलं दिसतं आणि मशीनवरची बाई म्हणते चुकलंय. चुकलेलं नसतं. पट्टीही रंगायला हवी असेल तर सुती टेपची चेन मागवायची. पितळी दाते अल्कलीत काळवंडतात, म्हणून लेप दिलेले घ्यायचे.

४) एका जॅकेटचे सगळे भाग एकाच ताक्यातले. तयार रंगीत कापडात शेडचा फरक डोळ्याला दिसतो, आरएफडी, म्हणजे रंगाईसाठी तयार केलेल्या पांढऱ्या कापडात दिसत नाही. दोन ताके वेगवेगळे ब्लीच झाले असतील तर डावी बाही उजवीपेक्षा फिकी निघते, आणि ते कळतं तेव्हा मशीनमधून दोनशे जॅकेटं बाहेर आलेली असतात.

चामड्याचे तुकडे, धातूची टिचबटणं आणि छापील लेबल रंगाईनंतर लावायचं. स्टोन आयलंडचा बाहीवरचा होकायंत्राचा बिल्ला दोन बटणांवर अडकवलेला असतो, तो काढून बाजूला ठेवता येतो हे बघा.

अर्धविराम

सुईदोरा, पेटंट फ्युझिंगचं काय? कॉलर कडक राहावी म्हणून आत गोंदाने चिकटवतात ते अस्तर.

सुईदोरा

शक्यतो लावूच नका. ६० अंशाचं पाणी, ड्रमची आपटाआपटी आणि वर ९५ अंशाचं सोपिंग, यात गोंद सुटतो आणि कॉलरवर बुडबुडे येतात. त्याच कापडाचा दुसरा थर आत शिवून टाका. लष्करी कॉलरवर आडव्या शिलाया मारलेल्या असतात त्या याचसाठी, कडकपणा शिलाईतून येतो.

ताणाबाणा

स्टोन आयलंड कसं जन्मलं ते राहून गेलं. १९८२. ओस्तीच्या हाती ट्रकवरच्या ताडपत्रीच्या धर्तीचं एक जाड सुती कापड आलं, दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या रंगांचा रेझिनचा लेप दिलेलं. अंगावर घालायला अशक्य कडक. त्याने ते दगडधुलाईत घातलं. लेप कडांवर आणि शिवणींवर झिजला, खालचं कापड डोकावू लागलं आणि जॅकेट कित्येक वर्षं समुद्रावर वापरल्यासारखं दिसू लागलं. हे तेला स्तेल्ला. सी. पी. कंपनीच्या मवाळ मालात ते बसेना, म्हणून त्याच एका कापडाच्या सात जॅकेटांसाठी वेगळा ब्रँड काढला.

पुढे ओळच लागली. रासो गोम्मातो, म्हणजे लष्करी सुती सॅटिनला आतून पॉलियुरेथेनचा लेप. रबर फ्लॅक्स आणि रबर वूल, म्हणजे लिनन आणि लोकरीवर रबराचा पातळ थर. तापमानाने रंग बदलणारं आइस जॅकेट. काचेच्या सूक्ष्म गोळ्यांच्या लेपाचं परावर्तक जॅकेट. आणि १९८८ चं, मिल्ले मिल्या मोटारशर्यतीसाठीचं सी. पी. कंपनीचं जॅकेट: टोपीतच गॉगलच्या दोन काचा, डाव्या मनगटावर घड्याळ दिसावं म्हणून तिसरी. उघड्या गाडीत बसणाऱ्याला टोपी वर ओढून चेन लावली की झालं. माझ्या मते यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं हेच, पण फोटोत तेच येतं.

बंदरकाठ

तरुणांपर्यंत पोचलं ते कसं, हेही लिहा की. मिलानमध्ये ‘पानिनारी’ नावाची पोरं होती, १९८० च्या दशकात. सँडविचच्या बारवरून नाव पडलेलं, मग सान बाबिला चौकातल्या बर्गरच्या दुकानाभोवती अड्डा. टिंबरलँडचे बूट, मोंक्लेरची फुगीर जॅकेटं आणि स्टोन आयलंड. खात्यापित्या घरची मंडळी, राजकारणाला कंटाळलेली.

इंग्लंडमध्ये वेगळीच वाट. युरोपात सामने बघायला गेलेले फुटबॉलचे पाठीराखे तिथून महागडे कपडे घेऊन येत. क्लबचे रंग अंगावर नसले की पोलिसांची नजर चुकवता येई. त्यातून ‘कॅज्युअल’ नावाची टोळीच उभी राहिली आणि बाहीवरचा बिल्ला ही त्यांची आपसातली खूण झाली. पुढे काही पबनी तो बिल्ला बघून माणसाला आत घ्यायचं बंद केलं. ओस्तीने यातलं काहीच योजलेलं नव्हतं. तो तिकडे रेझिनच्या टक्केवारीत बुडालेला.

जुनाबाजार

पुण्या-मुंबईतले काहीजण परदेशातून १९८०–९० च्या दशकातला जुना माल मागवतात, त्यांच्यासाठी लिहितो. बिल्ल्याची हिरवी कड साधारण २००० पर्यंतच्या मालावर असते, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि नकली बनवणाऱ्यांनाही. त्यापेक्षा लेपाची तब्येत आधी विचारा.

पॉलियुरेथेनचा लेप हवेतल्या ओलाव्याने आतून तुटतो. आधी हाताला चिकट लागतो, मग पापुद्रे सुटतात. इस्त्रीने, पावडरीने किंवा धुण्याने तो परत येत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे फार वेगाने होतं. विकणाऱ्याकडून आतल्या बाजूचा, काखेचा आणि टोपीच्या घडीचा जवळून फोटो मागा. ‘थोडा चिकट आहे’ असं उत्तर आलं तर सोडून द्या.

ठेवायचं असं: प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नाही, सुती खोळ, रुंद खांद्याचा हँगर. लेप लेपावर येईल अशी घडी नको. कपाटात सिलिका जेल आणि ओलावा मोजायचं साधं यंत्र, काटा ५० टक्क्यांच्या खाली. जेल भरलं की ओव्हनमध्ये वाळवून परत. रबराचा थर असलेला माल याच्या उलट मरतो, उन्हाने आणि हवेने कडक होऊन घड्यांवर तडकतो. दोघांनाही ड्रायक्लीन वर्ज्य, सॉल्व्हंट लेप उचलतं. गॉगलच्या प्लास्टिक काचांवरही त्याने जाळी उठते. मऊ ओलं फडकं, बास.

पक्का_रंग

यात आइस जॅकेटची भर. रंग बदलणारं रसायन काही मायक्रॉनच्या बंद कुप्यांत असतं: रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं आम्लधर्मी द्रव्य आणि ठरावीक तापमानाला वितळणारा मेणासारखा पदार्थ. थंडीत मेण गोठलं की पहिले दोन जवळ येतात, रंग दिसतो. वितळलं की सुटतात, रंग जातो. या कुप्या रेझिनमध्ये मिसळून कापडावर लेपतात. दुखणी तीन. ऊन लागलं की रंगद्रव्य कायमचं मरतं, म्हणून खांदे आधी थिजतात, म्हणजे बदलेनासे होतात. इस्त्रीने कुपी फुटते. सॉल्व्हंटने आतला माल विरघळतो. जुनं आइस जॅकेट घेताना बर्फाची पिशवी खांद्यावर आणि मग काखेखाली टेकवून दोन्ही जागी रंग सारखा येतो का ते बघायला सांगा.

फुलबाजी

मग एवढं सगळं उभारून तो बाहेर का पडला?

ताणाबाणा

पैशाची बाजू. १९८३ मध्ये तोरिनोच्या जीएफटी या बलाढ्य तयार कपड्यांच्या समूहाने त्याच्या कंपनीत हिस्सा घेतला. अरमानी, व्हालेंतिनो यांचे कपडे बनवणारी हीच मंडळी. त्या समूहाच्या घराण्यातला कार्लो रिव्हेत्ती इथे आला, आणि १९९३ मध्ये त्याने बहिणीबरोबर कंपनी विकत घेऊन स्पोर्ट्सवेअर कंपनी हे नाव दिलं. दशकाच्या मध्यापर्यंत ओस्ती दोन्ही ब्रँडांतून बाहेर.

स्वस्थ बसला नाही. १९९३ मध्ये लेफ्ट हँड: पॉलिएस्टर आणि नायलॉनचं न विणलेलं, दाबून केलेलं कापड. ते उसवत नाही, म्हणून कडा कापून तशाच सोडता येतात, दुमडशिलाईच नको. १९९५ पासून मास्सिमो ओस्ती प्रॉडक्शन आणि एसटी ९५. २००० मध्ये लीव्हाइस आणि फिलिप्ससाठी आयसीडी प्लस जॅकेट: आत तारा ओवलेल्या, खिशात मोबाइल आणि एमपी३ प्लेअर, कॉलरशी माइक. धुवायचं म्हणजे आधी सगळं उपकरण काढा. फोनच सगळं करू लागल्यावर त्याची गरजच उरली नाही. कल्पना चुकीची होती असं मला वाटत नाही, तिचा सांगाडा जड होता.

मागून आलेल्यांचं बरं चाललं. स्टोन आयलंड मोंक्लेरने २०२०–२१ मध्ये १.१५ अब्ज युरोच्या मूल्याला घेतलं. सी. पी. कंपनी २०१० मध्ये एफजीएफकडे, २०१५ मध्ये हाँगकाँगच्या ट्रायस्टेटकडे गेली. तिचा कारभार आता ओस्तीचा मुलगा लोरेंझो बघतो.

अर्धविराम

इचलकरंजीत चांगलं आरएफडी कॅनव्हास मिळतं. छोट्या युनिटला १० किलो मालाची बॅच करून बघायची असेल तर आकडे द्याल का? फक्त कापूस, मध्यम शेड.

पक्का_रंग

१० किलो कोरडा माल, १:१५ प्रमाणाने १५० लिटर पाणी. ड्रम मापाच्या साठ-सत्तर टक्क्यांहून जास्त भरू नका, जॅकेट फिरलं पाहिजे. चेन बंद, कपडा उलटा.

आधी ६० अंशाला वेटिंग एजंट (कापड नीट भिजवणारं रसायन) १ ग्रॅम प्रति लिटर, २० मिनिटं, मग पाणी सोडा. कापडावर स्टार्च किंवा सिलिकॉन राहिलं असेल तर इथेच कळतं: पाण्याचा थेंब टाका, तीन-चार सेकंदांत शिरला नाही तर रंग घालूच नका.

नवं पाणी, सिक्वेस्टरिंग एजंट (पाण्याचा जडपणा बांधून ठेवणारं रसायन) १ ग्रॅम प्रति लिटर. बोअरचं पाणी जड असेल तर दुप्पट, नाहीतर रंग चुन्याला धरतो आणि डाग पडतात. रंग २ टक्के, म्हणजे २०० ग्रॅम, वेगळ्या बादलीत विरघळवून गाळून. ४० अंशाला १५ मिनिटं फिरू द्या. मीठ ६० ग्रॅम प्रति लिटर, एकूण ९ किलो, तीन हप्त्यांत अर्ध्या तासात. मिनिटाला एक-दीड अंशाने ६० वर न्या आणि २० मिनिटं थांबा. मग सोडा अ‍ॅश २० ग्रॅम प्रति लिटर, ३ किलो, तोही विरघळवून: आधी दहावा भाग, दहा मिनिटांनी तीन भाग, मग उरलेला. सोडा पडला की रंग जिथे आहे तिथेच पक्का होतो. घाई केली तर जाड शिवणींच्या आत पांढरं राहतं आणि सपाट भागावर ढग उठतात. तिथून ४५ ते ६० मिनिटं.

पाणी सोडून दोन गार धुणी, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १ ग्रॅम प्रति लिटरने अल्कली मारा, ९५ अंशाला सोपिंग १५ मिनिटं, दोनदा. तिसरं लागतं का ते पांढऱ्या ओल्या फडक्यावर कॉलरची जाड शिवण चोळून बघा, सपाट पाठ नव्हे. पाठ आधी स्वच्छ होते, शिवणीतला रंग शेवटपर्यंत येत राहतो.

मिठाचं पाणी गटारात सोडता येत नाही, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशा प्रोसेस हाउसलाच बॅच द्या.